निळा केक

परवा मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगायला दुकानात फोन केला, तर पलीकडचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, कलर कोणता ठेवू?" आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण केक, रंग आणि वाढदिवस हे एका दमात कानावर पडलं की मला राग येतो, तिशी उलटून गेली तरी येतो. हिच्या नाकावरच राग असतो, असं सासरी सगळे म्हणतात. म्हणोत. तो कधी आला हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या दहाव्या वाढदिवसाला आला, आणि आला तो मुक्कामालाच.

त्या वर्षी आई घरात नव्हती. नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता आणि ती अकोल्याला होस्टेलवर राहत होती. लग्न झालेली, लेकरू असलेली बाई पुन्हा वही-पेन घेऊन शिकायला जाते म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांना महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला. बाबा मात्र एकच वाक्य बोलले होते, "तू जाय बिनधास्त, पोरीचं मी पाह्यतो." बोलायला काय जातं! बाबा वीज खात्यात लाइनमन. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, ट्रान्सफॉर्मरशी झुंजायचं, हे त्यांना डोळे मिटून जमायचं. पण लेकरू सांभाळणं म्हणजे तोवर त्यांच्यासाठी रविवारी मला गाडीच्या टाकीवर बसवून कारंज्याच्या बाजारात फिरवून आणणं, एवढंच होतं. आता रोज सकाळी ते माझ्या वेण्या घालू लागले. दोन तारांचा जोड मारावा तसे केस करकचून पिळायचे. माझे डोळे ताणून कपाळावर जायचे. मी ओरडले की म्हणायचे, "ढिल्ला जोड मंग निंगते ना वं!" वरण खाली लागायचं. अंबाडीची भाजी इतकी आंबट व्हायची की दात शिवशिवायचे, मग ते तिच्यात मूठभर गूळ टाकायचे आणि ती जेवताना गोड लागली की स्वतःवरच खूश व्हायचे. शाळेच्या डब्यात सोमवारी पोळी-चटणी, मंगळवारी पोळी-चटणी आणि बुधवारी बदल म्हणून चटणी-पोळी.

आमचं गाव कामरगावच्या रस्त्यावर, मोठं पण खेडंच. त्या घराची आठवण मला आजही आवाजांतून येते. लाइट आली की चौकातली पिठाची चक्की एकदम धडधडू लागायची, शेजारचा टीव्ही मध्येच उठून बोलायला लागायचा. लाइट गेली की सगळं गप्प, आणि त्या शांततेत बाबांचा बटणांचा मोबाइल वाजायचा. लाइट गेल्यावर अख्ख्या गावाला माझ्या बाबांची आठवण व्हायची. तेव्हा कोणी त्यांना भाऊ म्हणायचं, कोणी साहेब. बाबा ताटावरून उठायचे, शर्टाच्या खिशात टेस्टर खोचायचे आणि शिडी घेऊन निघायचे. कधी कधी मीही मागे बसून जायचे. अश्विनीच्या घरी तर नेहमी. अश्विनी माझी मैत्रीण, माझ्याच वर्गातली. तिच्या वडिलांचं खता-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या घराजवळच्या खांबावर दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी बिनसायचं. काम झालं की अश्विनीची आई ओसरीवर बाबांसाठी चहा आणायची. त्यांच्या ओसरीच्या खिडकीत काचेचा एक पेला कायम पालथा ठेवलेला असायचा. तो फक्त बाबांचा. ती वरून चहा ओतायची, बाबा उकिडवे बसून प्यायचे, मग नळावर पेला विसळून पुन्हा खिडकीत पालथा घालायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता! एवढ्या मोठ्या घरात माझ्या बाबांचा स्वतःचा पेला आहे, असं मी एकदा आईला सांगितलंसुद्धा होतं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.

आम्ही बौद्ध. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि चौदा एप्रिलला बाबा सकाळपासून निळा फेटा शोधत घर डोक्यावर घ्यायचे. पण गावातल्या इंग्रजी शाळेत ही गोष्ट कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती. आडनाव आमचं दोन-तीन समाजांत सापडणारं. नाव सोनल. माझं मी ठरवून टाकलं होतं की शाळेत याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं हे. दहा वर्षांच्या पोरीला आपोआप कळतं की काय लपवायचं, आणि याचाही मला आज राग येतो.

तर वाढदिवस. आमच्या वर्गात आधी टॉफ्या वाटायची पद्धत होती. मी दर वर्षी दुकानातून पाकीट नेत असे आणि सगळे दोन-दोन टॉफ्या उचलत. त्या वर्षी अश्विनीनं कारंज्याहून केक आणवला, गुलाबी, वर साखरेची फुलं. बाईंनी वर्गात कापायला परवानगी दिली आणि तेव्हापासून केकशिवाय वाढदिवस म्हणजे वाढदिवसच नाही, असं होऊन बसलं. मी बाबांना सांगितलं, "मले तसाच केक पायजे. गुलाबी. फुलावाला."

"आनू ना," बाबा म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांचं काय बिनसलं कोण जाणे, म्हणाले, "इकतचा कोनीबी आनते. तुया केक मी घरी करतो."

"तुमाले येते?"

"अकरा हजाराची लाइन जोडतो मी, केकाचं काय घेऊन बसली!"

मी रडले, पाय आपटले. आईला फोन लावून चुगली केली. आई हसली आणि उलट तिनंच होस्टेलमधल्या मैत्रिणीला विचारून कृती सांगितली. बाबांनी ती लाइटच्या तक्रारींच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवली. मैदा, पिठीसाखर, दही, सोडा, वेलदोडे. कुकरची शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला वाळूचा थर, त्यावर भांडं, मंद आचेवर पाऊण तास. हे सगळं त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, जणू परीक्षा माझी होती.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी त्यांनी सुट्टी टाकली. शेजारच्या बांधकामावरची वाळू आणून चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली. मैदा भिजवताना अर्धा त्यांच्या मिशांत गेला. सगळं कृतीबरहुकूम चाललं होतं आणि शिट्टीपाशी येऊन ते अडले. शिट्टीशिवाय कुकर गॅसवर ठेवायचा हे त्यांच्या मनालाच पटेना. "बिना फ्यूजची लाइन चालू करतेत का कोनी?" असं म्हणून त्यांनी रबरही लावलं, शिट्टीही लावली, आणि वाळूला भांडं चिकटू नये म्हणून वर पेलाभर पाणी ओतलं. चार शिट्ट्यांनंतर झाकण उघडलं तर आत ढोकळ्यासारखं काहीतरी थबथबलेलं. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. बाबांनी ते शांतपणे ताटात उपडं केलं, चमच्यानं चाखलं आणि म्हणाले, "खराब नाई. पन केक नाई हा."

दुसऱ्या वेळी त्यांनी शिट्टी काढली, रबर काढलं, वाळू पुन्हा वाळवली आणि कुकरसमोर पाटावर बसून राहिले. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या सोबत्याकडे बघत बसतात तसे. घरभर वेलदोड्यांचा वास सुटला. आता आतून शिजला की नाही हे कसं कळणार? कृतीत लिहिलं होतं, सुरी टोचून बघा. बाबांनी खिशातला टेस्टर काढला, राखेनं घासला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि केकच्या पोटात खुपसला.

"करंट हाय का पाहून राह्यले का?" मी विचारलं.

"गप वं. कोरडा निंगला पाय!"

टेस्टर कोरडा निघाला होता. बाबा मोठ्यानं हसले. इतके मोठ्यानं ते आई गेल्यापासून हसले नव्हते. केक तपकिरी, मधोमध फुगलेला, एका बाजूला जरा झुकलेला होता, आणि त्या क्षणी मला तो चक्क आवडला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायचं आहे.

सकाळी उठले तर केक सजून तयार. म्हशीच्या लोण्यात पिठीसाखर फेटून बाबांनी तो लिंपला होता. आणि तो निळा होता. आकाशी-बिकाशी नाही, गडद निळा, एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत पताका लागतात तसला निळा. वर पांढऱ्या लोण्यानं माझं नाव.

"मी गुलाबी सांगतला होता!" मी किंचाळले.

बाबांचा चेहरा पडला. "गुलाबी भेटत होता दुकानात. पन म्हनलं, निळा आपला हाय. पोरीच्या वाढदिवसाले आपला रंग."

"मले नोको आपला रंग! सगळ्यायले समजन!"

काय समजेल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं. मी मात्र थांबले नाही. आई असती तर असं केलं नसतं, म्हणाले. तुम्हाला काही येत नाही, म्हणाले. माणसाच्या जिव्हारी कुठे लागतं हे लेकरांना बरोबर ठाऊक असतं. बाबांनी माझ्या वेण्या घातल्या. त्या दिवशी केस अजिबात ओढले गेले नाहीत. मग केकचा डबा गाडीच्या टाकीवर ठेवला, शाळेत आणला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या टेबलावर ठेवून ते कामावर गेले.

मधल्या सुट्टीच्या आधी बाईंनी केक कापायला लावला. टाळ्या झाल्या, गाणं झालं. पहिला तुकडा मी अश्विनीला दिला. ती म्हणाली, "मला आज उपास आहे." दुसरीचं पोट दुखत होतं. तिसरीच्या आईनं तिला बाहेरचं खाऊ नको, असं सांगितलं होतं. ही तिसरी रोज शाळा सुटल्यावर गाड्यावरची पाणीपुरी खायची, नाक पुसत दुसरी प्लेट मागायची. चार-पाच जणांनी खाल्ला. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी त्यांचा तुकडा कागदात गुंडाळला, "घरी नेते हं, छान झालाय," म्हणाल्या. सुट्टीत मी पाणी प्यायला गेले तेव्हा तो कागद नळाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात होता. मी उघडून पाहिला. निळा, न खाल्लेला.

मला बाबांचा इतका राग आला की कानशिलं तापली. या निळ्यानं सगळा घात केला. गुलाबी असता तर कुणाला काही कळलं नसतं. मी अश्विनीला मैदानावर गाठलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मी गुलाबीच आणीन. बाबांनी चुकून निळा केला."

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. ती वाईट मुलगी नव्हती, हे मला आज म्हणवत नाही, पण खरं आहे. ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "निळ्याचं काई नाई वं. आईनं सांगतलं हाय, सोनलनं इकतचं आनलं तं खाय, घरचं आनलं तं नोको."

"कधी सांगतलं?"

"पयलीत. तू आली तवाच."

म्हणजे चार वर्षं. चार वर्षं मी लपवत होते आणि चार वर्षं सगळ्यांना माहीत होतं. माझ्या टॉफ्या चालत होत्या कारण त्यांच्यावर कागद होता, कारण त्यांना आमच्या घरचा हात लागलेला नव्हता. आणि मी? मी सकाळी त्या हाताला काय काय बोलले होते! मला तिथंच, त्या मैदानावर, तो पालथा पेला आठवला. तो बाबांचा पेला का होता, हे मला एकदम कळलं. लोक म्हणतात, अपमानानं रडू येतं. मला नाही आलं. कुणाचं तरी काहीतरी फोडावं असं वाटत होतं.

संध्याकाळी बाबा घरी आले. डबा ओट्यावर तसाच, जवळजवळ भरलेला. त्यांनी झाकण उचललं, ठेवलं. "रंग नाई आवडला का पोरायले?" मी सगळं सांगितलं. उपास, पोटदुखी, कचऱ्याचा डबा, पहिलीपासूनचं. शेवटी म्हणाले, "बाबा, रंगाचं काईच नव्हतं." ते खाली बसले. बराच वेळ टेस्टर हातात फिरवत राहिले. मी त्यांची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली नाही, आणि पुढेही कधी शब्दांत मागितली नाही.

तेवढ्यात चक्की बंद पडली आणि फोन वाजला. अश्विनीचे वडील. त्यांच्याकडची लाइट गेली होती, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, भाऊ जरा लवकर या.

"जाऊ नोका!" मी दारात आडवी उभी राहिले.

"लाइट लावनं मायं काम हाय माय. ते सोडलं तं त्यायलेच बोलाले जागा भेटन."

"मंग मीबी येतो." मी डबा उचलला. बाबांनी डब्याकडे पाहिलं आणि शिडी उचलली.

अंधार पडू लागला होता. बाबा खांबाला शिडी लावून वर चढले. अश्विनीची आई ओसरीवर कंदील घेऊन उभी होती, तिच्या मागे दारात अश्विनी. मी पायऱ्या चढून गेले, झाकण काढलं आणि डबा पुढे धरला. "काकू, केक घ्या. बाबानं घरी केला हाय."

त्यांचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. "ठेव वं बाई तिथं कठड्यावर. मंग खाऊ."

"ठेवू नोको," वरून बाबांचा आवाज आला. "झाकन लाव."

इतकंच. मग पक्कडीचा आवाज, एक ठिणगी, आणि ओसरी, दुकान, अख्खी गल्ली लख्ख झाली. चक्की धडधडायला लागली. बाबा उतरले, हात पुसले. काकू सवयीनं आत जाऊन चहा घेऊन आल्या. बाबांनी खिडकीतला पेला सुलटा करून कठड्यावर ठेवला आणि काकूंनी वरून चहा ओतला.

बाबा उभेच राहिले. "चहा घरचाच हाय ना वहिनी?"

"मंग? घरचाच हाय. काहून?"

"घरचं आमाले चालत नाई. इकतचा असता तं घेतला असता."

आवाज चढला नव्हता. आमच्याकडे माणसं साधं बोलतानाही भांडल्यासारखी बोलतात, पण बाबा त्या दिवशी इतकं हळू बोलले की काकूंना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा मी लाइटच्या उजेडात नीट पाहिला. अश्विनी दारातून आत सरकली. बाबांनी शिडी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. चहा पेल्यात तसाच वाफाळत होता. इतकी वर्षं तो पेला बाबा स्वतः विसळून ठेवत आले होते. त्या दिवशी तो त्या घरातल्या कुणीतरी उचलला असेल, धुतला असेल, किंवा फेकला असेल. काहीही केलं असलं तरी त्यांना त्याला हात लावावा लागला असेल, आणि हा विचार करून मी आजही खूश होते. मोठ्या मनाची माणसं विसरतात म्हणे. मला तसलं मन नको.

त्यानंतरही त्या घरची लाइट जायची आणि बाबा जायचे. चहा मात्र त्यांना पुन्हा कुणी विचारला नाही. येत्या वर्षी ते निवृत्त होतील. मी कधी तो विषय काढला तर म्हणतात, "सोड ना वं, पुरानी गोष्ट हाय." त्यांनी सोडली असेल.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दोघांनी ताट न घेता डब्यातूनच केक खाल्ला. खाली तो थोडा करपला होता, एका जागी साखरेची गुठळी होती, आणि मी पोट फुटेस्तोवर खाल्ला. बाबांनी जीभ काढून दाखवली, निळी झाली होती. माझी त्यांच्याहून निळी होती. दुसऱ्या दिवशी मी ती तशीच घेऊन शाळेत गेले आणि हजेरीला "प्रेझेंट" म्हणताना तोंड चांगलं मोठं उघडलं.

पुढच्या वर्षी आई कोर्स संपवून परत आली होती. स्वयंपाकघर पुन्हा तिच्या हातात गेलं होतं, पण वाढदिवसाच्या आदल्या दुपारी बाबांनी तिला बाहेर काढलं, कुकरची शिट्टी काढली आणि टेस्टर घासायला घेतला. दुकानात रंग आणायला निघाले तेव्हा दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मंग, गुलाबी आनू का?"

"निळा," मी म्हटलं. "अन् शाळेत देयाले मोठा करा."